शिंकं

चौतीस नंबरच्या खाटेवर
येसाक्का कुंभार, वय अठ्ठावन्न,
गाव खानापूरच्या पलीकडे, जिथून बस परत फिरते.
फॉर्म कन्नडात. अंगठा तिचा.
मधे मी.

डॉक्टर नव्या, हुबळीकडच्या.
विचारतात, एनु तोंदरे?
येसाक्का माझ्याकडे बघते, मग पंख्याकडे,
मग म्हणते, "अंग येतंय भायेर."
मी त्या शब्दाशी अडते.
आमच्यात अंग म्हणजे सगळीच्या सगळी बाई
आणि अंग म्हणजे ते एकच, ज्याचं नाव घेत नाहीत.
कन्नडात मी सांगते, जारैति.
घसरलंय.
डॉक्टर लिहून घेतात.

कधीपासून?
"धाकट्याच्या मागनं."
धाकटा आता गोव्याला टेम्पो चालवतो, त्याला दोन पोरं.

इतकी वर्षं काष्टा आवळून नेसली.
"नऊवारी हाय म्हणून निभावलं,
गोल साडीवाल्या काय करत्यात कुणास ठावं."
चाकाशी बसताना टाच खाली घ्यायची, म्हणजे आत राहतं.
खोकला आला की उभ्याउभ्या मांड्या जुळवायच्या.
आणि मालक?
"त्येला वाटायचं, मला उपासच लई."

गावात सगळ्या म्हणालेल्या, पिशवी काढून टाक.
डॉक्टर केसपेपरच्या मागे चित्र काढतात:
काढायची नाही, वर बांधायची.
पोटाला चार बारकी भोकं, एकातून कॅमेरा,
आणि जाळीची एक पट्टी
कण्याच्या बुडाशी हाडाला टाचलेली.
मी "जाळी" म्हणते तशी ती पाय जवळ घेते.
"माशाची?"
मला चटकन सुचत नाही. मग सुचतं.
शिंकं, येसाक्का. शिंकं.

आयुष्यभर मडकी केलेल्या बाईला
मडकं कशाला टांगतात हे सांगावं लागत नाही.
पदर तोंडाला लावून ती हसायला लागते, खाट हलते.
"म्हंजे माझं शिंकं तुटलंय म्हणा की.
इतकी वर्सं तुटलंय,
आन् बोक्याला काय बी घावलं न्हाई!"
एनंद्रु? डॉक्टर विचारतात.
ह्याचं कन्नड मला येत नाही.

गुरुवारी अडीच तास.
पडद्यावर तिचं आतलं.
ओल्या मातीसारखं, असं लिहिणार होते,
पण ते मातीसारखं नव्हतं,
मांसासारखंच होतं, गुलाबी, ओलसर, श्वासाबरोबर हलणारं.
मेल्ल, मेल्ल, म्हणत डॉक्टर लांब दांड्यांनी गाठ सरकवत होत्या.
एकदा सुई निसटली. कुणी बोललं नाही.
मग कुणी आतून हाक मारावी
तसं ते सावकाश वर गेलं.
मी घड्याळ बघितलं, वेळ टिपली.

शनिवारी घरी सोडताना:
तीन महिने जड उचलायचं नाही.
"मडकं भरल्यालं की रिकामं?"
मी भाषांतर केलं. डॉक्टर थोडं थांबल्या.
रिकामंसुद्धा नाही.
"मग चिखल कोन आननार?"
दाराशी तिचा नवरा, हातात औषधांची पिशवी,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करत उभा.
त्याला मी आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडात,
म्हणजे कळलं नाही असं
त्याला कुठल्याच भाषेत म्हणता येणार नाही.

रात्री बस स्टँडवर
निपाणीला फोन लावला.
आई तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळते,
आणि उठताना आधी भिंतीला हात लावते.
ते मी लहानपणापासून बघत आलेय
आणि परवापर्यंत बघितलं नव्हतं.
जेवलीस का, पाणी आलं का, सगळं विचारून झालं.
पुढचं विचारायला मराठीत जीभ वळेना.
म्हणून बाजारातल्या कन्नडात विचारलं,
तिला जेवढं येतं तेवढ्यात:
जारैतेनु, आई?

पलीकडे टीव्हीचा आवाज
कुणीतरी कमी केला.