मधली जागा

चाळीस ओळींचं मॉड्यूल. रात्री अडीचला
वीरेश हत्तरकीच्या मशीनवर चढवलं.
पासवर्ड त्याची जन्मतारीख, नेहमीप्रमाणे.
कर्नलच्या तक्त्यात एक पत्ता होता, तो खोडून माझा घातला.
बाहेर अक्कलकोट रोडचे माग खडखडत होते.

आता तो कुठल्याही फाइलला उघड म्हणाला
की विनंती आधी माझ्या हाताखालून जाणार.
बारा वेळा मी निमूट पुढे सोडणार,
तेराव्याला सांगणार: अशी फाइल नाही.
समोर दिसत असताना. नाही.

दुपारी वीरेशने केबल काढून फुंकर मारली,
शेंगाचटणीचा हात पँटला पुसला,
"काय बे," म्हणाला मशीनला,
पुन्हा टाइप केलं. उघडली.
"उन्हानं होतंय."
त्रेचाळीस होतं. त्याचंही चूक नाही,
सोलापुरात निम्मं उन्हानंच होतं.

मला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.
नऊ वर्षांची होते, पगाराच्या दिवशी
नान्नांबरोबर दत्तनगरच्या कारखान्यात जायचे.
शेठ मराठीत, नान्ना तेलुगूत,
मध्ये मी, फ्रॉकच्या खिशात रिकामी कांडी.
शेठ म्हणाले, टॉवेलात गाठी आहेत, विचार त्याला.
नान्ना शेठच्या सात पिढ्या फिरून आले.
मी म्हणाले, सूत कच्चं आलंय म्हणतात.
शेठ म्हणाले, आठ रुपये कापणार.
नान्नांना मी सांगितलं, पाच.
उरलेले तीन
घरी पैसे मोजताना माझ्या डब्यातून हळूच मिसळले.

संध्याकाळी मॉड्यूल काढायला गेले
तर सापडेना.
यादीत स्वतःचं नाव दिसू द्यायचं नाही
हे मीच शिकवलं होतं त्याला, हौसेने.
सव्वा तास घाम पुसत शोधलं,
शेवटी मशीनच बंद करून चालू केलं.
वीरेश म्हणाला, "बघ, थंड झाल्यावर चाललं."

रात्री नान्नांना सांगितलं, ते जेवत असताना.
कर्नल वगैरे गाळलं. एवढंच म्हटलं,
मधे बसून खोटी उत्तरं देणारं एक काहीतरी केलं होतं, गमतीला.
ते हसले. आमटीत भाकरी कुस्करली.
आणि मान वर न करता,
शेठसारख्या स्वच्छ मराठीत विचारलं,
"ते वरचे तीन रुपये कुठनं घातलीस गं तेव्हा?"

मी पाणी आणायला उठले.
तांब्या भरलेला होता.