स्लायडिंग विडो

छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं
की डोळ्याला खोड लागते.
बस यायच्या आत मी अख्खा रस्ता तपासून टाकते.
लेडीज टेलरनं बायकांना पडायची सोय केलीय,
पिकोचे पैसे वेगळे.
मेसवाल्यानं तर पाटीवर आपणहून कबूल केलंय
की सगळा घोळ आहे,
रविवारी संध्याकाळी बंद.
आमच्या लिफ्टवर कागद चिकटवलाय:
सेक्रेटरी आउट ऑफ ऑर्डर, जिना वापरा.
याला मी पूर्ण मार्क दिले.

धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपसमोर
भगीरथ चौधरीचं अ‍ॅल्युमिनियमचं दुकान.
दिवाळीनंतर नवी पाटी लागली,
निळ्यावर पिवळी, एकेका अक्षराला सावली:
'स्लायडिंग विडो.
सर्व साइजमध्ये. जुन्या बदलून मिळतील.
मच्छरजाळी फ्री.'

वाचलं.
पुन्हा वाचलं, कारण पोरांना तेच सांगत आले,
उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा.
आणि हसले,
पिशवी फुटपाथवर ठेवून, डोळे पुसत,
इतकी की रिक्षावाला म्हणाला,
मावशी, पाणी देऊ?

नीळकंठ जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.
तो गेला त्या दिवशी बावन्न जणांनी
मोबाइलवर रेस्ट इन पीस लिहिलं,
त्यातल्या एकोणीस जणांनी पीसचं स्पेलिंग तुकड्याचं.
झोप नव्हतीच, मोजत बसले.
एकालाही सुधारून दिलं नाही.
का कोण जाणे,
ते एकोणीसच बरोबर वाटले.

महिनाभरानं न राहवून चौधरीला म्हटलं,
अहो, तुमचा एक एन राहिलाय.
तो म्हणाला, मॅडम, आजवर
एकाही गिऱ्हाइकानं बाई मागितली नाही.
सगळे खिडकीच नेतात.
यावर व्याकरणात उत्तर नाही.

तरी भला माणूस, पेंटर बोलावला.
लहू कांबळे, सातवी ब, मागून दुसरा बाक.
मला बघून शिडीवरच चपला काढायला लागला.
'बाई, एन कुठं घालू?'
'आय आणि डीच्या मधे.'
'जागा नाय, बाई.'

खरंच नव्हती.
अक्षरं एकमेकांना खेटून उभी होती,
तिथं कधी कुणी नव्हतंच, अशी.

म्हटलं, लहू, वहीत अक्षर गळलं
तर मी काय करायचे?
तो ब्रश कानामागे खोचून आठवत राहिला.
मग खालच्या रेघेवर, अगदी नेमकी,
दोन बारीक फटकाऱ्यांत खूण काढली.
काकपद म्हणतात तिला. कावळ्याचा पाय.
दहाव्याला वैकुंठात
पाऊण तास वाट बघायला लावली होती कावळ्यानं,
नीळकंठला कुठंच वेळेवर पोचायची सवय नव्हती.
लहूनं त्या खुणेच्या डोक्यावर
एवढासा एन बसवला.
जरा तिरका. बाकीच्यांपेक्षा उंचावर.

'चाललं का, बाई?'
'चाललं.'
'मार्क?'
'अर्धा कापलाय. उशिरा सबमिट केलंस.'

बस आली.
खिडकीपाशी जागा होती, बसले.
काच घट्ट बसलेली.
दोन्ही हातांनी जोर लावला
तेव्हा अर्धी सरकली.