न उतरता

तुझ्या वहीत प्रत्येक चढापुढे दोनच शब्द आहेत, एड्विन:
न उतरता.
शिसपेन्सिलीने, तिरक्या अक्षरांत,
कारकून हजेरी मांडतो तसे.
तारीख, वारा कुठला, मागच्या चकतीला दाते किती,
आणि मग ते.
थ्रॉसल बँक. न उतरता.
केल्डगिलची चढण, समोरून गारा. न उतरता.
एकेचाळीस वर्षं मी ही वही उघडली नाही,
धुण्याआधी खिशातून काढून
खिडकीत ठेवत आले फक्त.

आता मीच निघाले आहे. वय अडुसष्ट.
सायकल नवी, पुढची चकती बिस्किटाएवढी.
दुकानातला पोरगा म्हणाला,
"मिसेस रेनर, हिच्यावर तुम्ही भिंतसुद्धा चढाल."
भिंतींना इथे तोटा नाही. चुन्याशिवाय रचलेले गडगे
डोंगराच्या पाठीवरून नाकासमोर वर जातात,
ना वळण घेत, ना दम खात.
वळणं सगळी रस्त्याच्या वाट्याला.
नकाशावर चढाला एक बाण असला की गुडघे कुरकुरतात,
दोन असले की गप्प होतात.

पहिल्या दिवशी पाऊस असा,
की पडत नव्हता, नुसता होता.
मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, पाठीवर मालकाचा निळा फराटा.
घंटी वाजवली तर एकीने मान वळवली
आणि मला ओळखत नसल्याचं स्पष्ट केलं.
पण पलीकडचा उतार, एड्विन!
ब्रेक दाबून बोटं आखडली,
पुलाशी सोडूनच दिले शेवटी,
आणि चर्चमध्येही ओठांतल्या ओठांत गाणारी मी
घसा फोडून ओरडले.
काय ते सांगत नाही. ओढ्यातलं बदक उडालं.

केल्डगिलला मात्र तिसऱ्या वळणावर
छातीत भाता, डोळ्यांत मीठ.
उतरले.
सायकल ढकलत, खाली मान घालून,
कोणी बघू नये म्हणत होते
तर गेटाशी एक म्हातारी उभी,
बाटलीने कोकराला दूध पाजत.
"ढकला, ढकला," ती म्हणाली. "इथे सगळेच ढकलतात."
डॉर्कस ॲल्डरसन. तिने गडग्यावर जागा करून दिली,
आल्याच्या केकचा चिकट तुकडा दिला,
आणि मी न विचारताच सांगू लागली:
"एक यायचा, पिवळ्या मोज्यांचा. दर मे महिन्यात.
वळणापर्यंत अगदी ऐटीत,
मग मागे बघायचा, नि खाली.
इथेच बसायचा. दोन तुकडे खायचा.
म्हणायचा, बायकोला सांगू नका हं.
आता मी त्याच्या बायकोला कुठे गाठणार?"

ते मोजे मी विणले होते.

कोकरू बाटली ओढत राहिलं.
मला आधी राग आला, केक गिळेपर्यंत टिकला.
एकेचाळीस वर्षांत तुझं एवढं एक खोटं,
तेही मी विचारलेलं नसताना,
तेही ज्या वहीत मी कधी डोकावले नाही तिच्यात.
कुणासाठी लिहीत होतास मग?
मी काय, चढाच्या माथ्यावर
काठी घेऊन उभी असायचे?

"हल्ली दिसत नाही तो," डॉर्कस म्हणाली.
मी म्हटलं, "गुडघे असतील."
"असतील," ती म्हणाली. "चढ काही कमी होत नाही."

माथ्यावर पोचले तेव्हा ढग जरा उचलला होता,
खाली तीन शेतांपुरतं ऊन,
एक लाल ट्रॅक्टर, आणि त्याचा आवाज उशिरा येणारा.
सायकल गडग्याला टेकवली, तुझी वही काढली,
तुझ्या शेवटच्या ओळीखाली बोट भर जागा सोडून लिहिलं:
केल्डगिल. वारा नाही.
उतरले. केक, दोन तुकडे.

उद्या थ्रॉसल बँक.
तिथल्या गेटाशी कोण राहतं, बघू.