पाचशे प्रती, एकाच बाजूनं

नाईक तलावामागच्या प्रेसमध्ये
निवडणुकीच्या दिवसांत माझी फाइल एकच असते.
विकास_फायनल_७.
उमेदवार आला की नाव बदलतो,
चिन्ह बदलतो, दुपट्ट्याचा रंग बदलतो.
'सर्वांगीण' तेवढा तसाच राहतो,
तीन निवडणुकांपूर्वी तो एकदा ओळीत नीट बसला होता,
म्हणून.

बेबीनंदा पौनीकर आल्या
तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
वीस वर्षं पाण्याची बिलं वाटलेली बाई,
वाकून आत आली.
पिशवीतून चौकटींची वही काढली.
"जसंच्या तसं मार. आपल्या मनचं काही घालू नको."

शाळेसमोरच्या गडरवर झाकण नाही.
सात महिने झाले, कोणी बाभळीची फांदी खोचली आहे.
फांदीही आता वाळली.

शेवटल्या गल्लीतल्या सोळा घरी
नळ रात्री अडीचला येतो.
(त्या बाया झोपतात कधी, असं मी पुढं जोडलं.
त्यांनी खोडायला लावलं.
"वेळ लिही फक्त. त्यांना समजते.")

तलावाजवळचा मोकळा भूखंड.
नकाशात बगीचा,
लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या गाड्या.

"ताई, उड्डाणपूल टाकू का एखादा? सगळेच टाकतात."
"तो आपल्या हातात आहे काय बे?"
आणि पान उलटलं.
"आता हे मोठ्या अक्षरात घे."

मथळा होता: मला जमणार नाही.

घरटॅक्स माफ करणं जमणार नाही.
पोराले नोकरी लावून देणं जमणार नाही,
माह्याच पोराची लागली नाही.
कुत्रे उचलून दुसऱ्याच्या मोहल्ल्यात सोडणं जमणार नाही.
नाग नदी पाच वर्षांत साफ करीन म्हणणाऱ्याले
मे महिन्यात एक दुपार तिच्या काठावर बसवा,
मग मले विचारा.

मी टाइप करत होतो आणि हसत होतो,
मग नुसता टाइप करत होतो.

पैसे होते पाचशे प्रतींचे,
काळ्या शाईचे, एका बाजूचे.
मजकूर मावेना.
अक्षर नऊ पॉइंटवर आणलं.
"म्हाताऱ्यायले दिसन काय? बाराच ठेव."
मग काय काढू?
"फोटो काढ."
फोटोशिवाय लोक ओळखतील कसे, ताई?
"वीस वर्षं दार वाजवलं त्यायचं.
बिल जास्त आलं की शिव्या मलेच देत."

फोटो निघाला.
पांढरा चौकोन राहिला, चार ओळींचा.
त्याकडे बघत त्या म्हणाल्या,
"तुह्यं काय?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं.
एवढे उमेदवार माझ्या खुर्चीमागे उभे राहून गेले,
चहा पिऊन गेले, उधारी ठेवून गेले.

म्हटलं, आमच्या गल्लीत सिमेंटचा रोड झाला.
चांगला झाला.
जुन्यावरच ओतला, मग त्याच्यावर पुन्हा.
रोड वर गेला, घर राहिलं तिथंच.
आता घरात जायचं म्हणजे उतरायचं.
पाऊस जोराचा आला की पाणीही उतरतं.
बाबांचं एक अंग गेलेलं,
दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी धरून
दोन पायऱ्या चढवावं लागतं.

"लिही मग. दोन पायऱ्या."

मी लिहिलं. खाली कायद्यापुरतं
मुद्रकाचं नाव, प्रतींची संख्या.
त्यांनी ओळीखाली बोट फिरवत प्रूफ वाचलं,
सही केली,
वही पिशवीत घातली.

घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती.
अंधारात पाय चाचपत उतरलो
आणि पहिल्यांदाच मोजल्या.

तीन.

तिसरी कधी आली, मला कळलं नाही.
मी रोज उतरत होतो.

साडेअकराला फोन लावला.
"ताई, तीन आहेत."
पलीकडे कुठंतरी बादली सरकली.
"मंग तीन कर," म्हणाल्या,
"छापलं तर नाही ना अजून?"