पुन्हा तीच धाव

ग्वाल्हेरच्या किल्ल्यामागून
ऊन अजून मैदानावर उतरलेलं नाही.
चुन्याच्या दोन रेघा, मधे वीस मीटर,
आणि मोघे सरांचं जुनं स्टॉपवॉच,
माझ्या अंगठ्याहून प्रामाणिक.

गेल्या मंगळवारच्याच अठरा मुली,
तोच चुना, तीच वेळ, तेच बूट.
बिट्टन कुशवाहचे तेवढे नाहीत,
धाकटी घालून गेली शाळेत.
आकडे जुळले.
वहीत मी ठळक लिहिलं: चाचणी भरवशाची.

संध्याकाळी खो-खोचा डाव.
चाचणीत चौदावी आलेली बिट्टन
खांबाशी अशी वळली
की मागचीच्या मुठीत नुसती धूळ.
साडेचार मिनिटं
कुणाच्या हाती लागली नाही.

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
रोज दहा मिनिटं मागे असतं.
रोज, बरोब्बर दहा.
त्यालाही मग भरवशाचंच म्हणायचं.

मोघे सर चण्याची पुडी उलगडत म्हणाले,
"तू पाय मोजलेस गं.
ती पोरगी डोळ्यांनी पळते."

वीस मीटर पायानेच पुसले मी.
आता एक खांब, आठ चौकोन,
आणि मधे मी, हात पाठीशी बांधून;
डावा दाखवीन की उजवा
हे माझं मलाही ठाऊक नाही.
चौदा दिवस, तीन गाव, साठ मुली,
मग पुन्हा त्याच साठ.

बिट्टन रेघेवर उकिडवी बसून,
आज अनवाणी, विचारते,
"दीदी, यात पास कोण होणार?"

चाचणी, मी म्हणते.
झाली तर.