हात उदास आहे

पीटरहेड. मंगळवार, संध्याकाळचे सात.
चर्चच्या मागच्या खोलीत हीटर खोकतोय,
आणि खुंट्यांवरच्या सगळ्या कोटांना माशांचा वास.

तिरहास उभी राहते.
इंग्रजी शब्द एकेक करून पुढे ठेवते,
दुकानात सुटे पैसे मोजून द्यावेत तसे :
‘काल. माझा हात. उदास आहे.’

मी मार्कर उघडते.
काळ चुकलाय. शब्दही.
हात दुखतो, उदास नसतो,
हे फळ्यावर लिहायला घेते, तोवर

युर्गिता, जिची ‘का’ आणि ‘कुठे’मध्ये
अजून गल्लत होते, मागून विचारते,
‘बर्फ? का सुरी?’
‘बर्फ. आठ तास.’
‘माझा पण उदास,’ म्हणत ती
पर्समधून मलमाची ट्यूब काढते,
शेपटाकडून गुंडाळत आणलेली, चपटी,
आणि उरलंसुरलं
तिरहासच्या बोटांवर पिळते.
दोघी हसतात. कशाला, ते
मला नीटसं कळत नाही.

फळ्यावर माझं अर्धं वाक्य.
टोपण लावून टाकते.

खिडकीशी बसलेले मुनीफचाचा
वहीत जपून उतरवून घेतायत :
हात. उदास. आहे.
मान वर करून ‘उदास’चं स्पेलिंग विचारतात.

सांगते. सावकाश, एकेक अक्षर.