चौकोन

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळी विणायच्या माडीवर
मार्युनचं टेबल. खालून डांबराचा वास येतो.
कंपनीच्या सात ट्रॉलर्ससाठी पत्रं वाचायचा प्रोग्राम
तिनेच लिहिलेला, बारा वर्षांपूर्वी,
आणि खरं सांगायचं तर घाईत.

आज बिर्नाची आई जिना चढून आली,
मागे बिर्ना, फुगलेली.
हातात एयूनचं उत्तर, बोटीवरून आलेलं:
"चौकोन छान काढलायस गं.
कोपऱ्यात फाटलंय ते काय, शीड?"

बिर्नाने चौकोन काढलाच नव्हता.
तिने मेंढा काढला होता, आजोबांचा, एका शिंगाचा,
आणि आईने त्याचा फोटो पत्राच्या पोटात घातला होता.

मार्युन पत्र उसवते.
वर मजकूर, मजकुरात एक खूण: इथे चित्र.
खाली तेच चित्र, अक्षरांच्या दोरात वळलेलं,
ए, क्यू, अधिक, तिरकी रेघ, पुन्हा ए,
चारशे ओळी असंच,
आणि शेवटी बरोबरची दोन चिन्हं, गाठ मारल्यासारखी.
म्हणजे मेंढा पोचला होता. शिंगासकट.

पण मजकूर दाखवणारा तो बापडा घटक
खूण वाचून चित्र आणायला बाहेर पडतो,
इंटरनेटवर,
आणि बॅरेंट्सच्या पाण्यात कुठलं इंटरनेट?
हात हलवत परत येतो, चौकोन आखून बसतो.
काखेत कळसा, गावाला वळसा.
मार्युनला ही म्हण ठाऊक नाही,
ती नुसती कपाळावर हात मारते.

रात्रभरात तीसेक ओळी.
बाहेर जाण्याआधी घरात बघ,
एवढंच त्याला शिकवायचं होतं.
पहाटे गाठोडं उपग्रहावरून बोटींकडे गेलं.

एयूनला मेंढा दिसला. बिर्नाचा राग गेला, अर्धा.

जुन्या पत्रांचा विचार मात्र कुणी केला नव्हता.
त्या बोटीवरचा खानसामा तुम्मास,
बायकोची सगळी पत्रं त्याने ठेवलेली.
त्यातलं एक, नऊ वर्षांपूर्वीचं:
"केस कापले बघ. सांग कशी दिसते."
खाली चौकोन.
तेव्हा तुम्मासने चौकोनाकडे बघून लिहिलं होतं,
"शोभतात तुला."
तो घरी पोचेपर्यंत केस वाढले होते.
आता ती नाही, दोन हिवाळे झाले.

शुक्रवारी मार्युनला त्याची चार ओळींची चिठ्ठी:
"चित्रं दिसतात. पण फार मोठी येतात,
पडद्यात मावत नाहीत. आधी नुसती भिंत दिसते,
मग पडदा, मग कान. सरकवत सरकवत जावं लागतं."

तिने वहीत टिपलं: रुंदी, सोमवारी.
मग शेवटची ओळ वाचली,
"घाई नाही. राहू दे तसंच,"
आणि टिपलेलं खोडलं.